सुधारित आवृत्तीतला काळा कोबी

आर्डिस टीसेनने ताबोर फ्लॅटच्या धान्यकोठाराच्या काट्यावर अडतीस वर्षं काढली. गव्हाचा ट्रक काट्यावर चढला की ती खिडकीतून बघायची, आणि ड्रायव्हर खाली उतरून दहा पावलं लांब जाईपर्यंत आकडा लिहायला पेन उचलायची नाही. मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना. एकदा खुद्द पाद्रीसाहेब गव्हाच्या ढिगावर बसून आले होते. त्यांनाही तिने खाली उतरवलं. "तुम्हाला गव्हाच्या भावात विकायची सोय नाही आमच्याकडे," म्हणाली. तेव्हापासून गावात कुणी फार थापा मारायला लागला की लोक त्याला सांगत, चल, काट्यावर चल.

अशा बाईने पुस्तक लिहिलं आणि तेही दगडांवर, याचं बाहेरच्यांना नवल वाटे. आम्हाला कधी वाटलं नाही. पश्चिम कॅन्ससच्या आमच्या मातीत खडा म्हणून सापडत नाही. दहा मैल नांगर चालवा, खट्ट म्हणून आवाज यायचा नाही. त्यामुळे आवाज आलाच तर त्या दगडाच्या येण्याच्या दोनच वाटा: कुणीतरी आणून टाकला, नाहीतर वरून पडला. आर्डिसने पंधरा वर्षं रविवार दुपार शेतोशेत हिंडून, दार अडवायला ठेवलेले, कुंपणाशी लोटून दिलेले, पिंपावर झाकणाला ठेवलेले असे सगळे जड दगड तपासले आणि 'आपल्या काउंटीतल्या उल्का' नावाचं चौऱ्याऐंशी पानांचं हिरवं पुस्तक केलं. काउंटीच्या इतिहास मंडळाने १९६९ साली सहाशे प्रती छापल्या. घरोघरी एकेक गेली. काही घरी ती बायबलशेजारी असते, काही घरी टेबलाच्या आखूड पायाखाली.

१९८४ साली प्रती संपल्या आणि मंडळाने सुधारित आवृत्ती काढायचं ठरवलं. आर्डिस तेव्हा साठीची, नुकतीच निवृत्त झालेली. तिने पलंगाखालून बुटांचा खोका ओढून काढला. पंधरा वर्षांत लोकांनी कळवलेल्या सगळ्या चुका त्यात चिठ्ठ्यांवर होत्या.

पान बावीसवरची उल्का ही उल्का नसून जुन्या लोहाराच्या भट्टीतला मळ निघाला होता, आणि हे हर्मन गोर्ट्झला सांगणं भाग होतं, ज्याने तो मळ दिवाणखान्यात शेकोटीच्या वर भिंतीत बसवून घेतला होता. पान एकतीसवरचा फोटो उलटा छापला गेला होता. दगडाला कसली आलीय सुलट बाजू, पण मालकाचा आग्रह होता की आहे. पान चाळीसवर ज्यांना 'कैलासवासी' केलं होतं त्यांचं कार्ड आलं होतं, 'मी अजून आहे.' शिवाय जवळजवळ सगळ्या दगडांची वजनं बदलली होती. मुलीच्या लग्नात आहेर म्हणून दगडाचा एक टवका काढून द्यायची फॅशनच निघाली होती, आणि ज्या घरात चार मुली त्या घरची उल्का लिंबाएवढी उरली होती. आर्डिसने छोटा काटा गाडीत घालून सगळ्यांची वजनं पुन्हा घेतली. तिला या कामात फार मजा येत होती. चूक सापडली की काही माणसं चिडतात, आर्डिसला ती सापडली की खिशात विसरलेली नोट हाती लागल्यासारखं वाटे.

मग ऑगस्टमध्ये विद्यापीठातून डॉक्टर रेनाटा सोब्चाक यांचं पत्र आलं.

सुधारित आवृत्तीसाठी म्हणून आर्डिसने दोन दगडांचे तुकडे कापून त्यांच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. एक मिलरॉयचा, चव्वेचाळीस पौंडांचा, जो तिथल्या संग्रहालयात काचेत ठेवलेला आहे. दुसरा ताबोर फ्लॅटचा, एकोणीस पौंडांचा. हा तिच्या स्वतःच्या घरचा. तिच्या वडिलांच्या, जेकब टीसेन यांच्या, नांगराला लागलेला. तिची आई त्रिना हिने तो स्वयंपाकघराचं दार अडवायला आयुष्यभर वापरला आणि मरताना आर्डिसला दिला. पहिल्या आवृत्तीत या दोन दगडांना दोन वेगळी पानं होती.

डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं: 'हे दोन दगड नाहीत, एकाच दगडाचे दोन तुकडे आहेत. आकाशात फुटून नऊ मैलांच्या अंतराने पडले. तेव्हा दोन नोंदींची एक नोंद करावी लागेल आणि एकच नाव ठेवावं लागेल. दोन्ही नावं जागतिक यादीत एकाच वर्षी लागली असल्याने जो तुकडा आधी सापडला त्याचं नाव राहील. मिलरॉयचा १९३४ साली सापडल्याची वर्तमानपत्रातली बातमी आहे. ताबोर फ्लॅटचा १९३६ सालचा, पण त्याला आधार फक्त तुमचं पुस्तक. सगळ्या याद्यांनी साल तिथूनच उतरवलं आहे. तुमच्या नव्या आवृत्तीत जे असेल ते आम्ही मानू. ता. क. एक कोडं पडलंय. तुमच्या दगडाच्या भेगांत मीठ सापडलं, आणि तो फार गंजला आहे. तुमच्या भागात खारं तळं वगैरे होतं का?'

आर्डिसने पत्र दोनदा वाचलं. शेवटचं तिच्या डोक्यात शिरलंच नाही. नावाचं तेवढं शिरलं.

आकाशातून पडलेल्या दगडाला जवळच्या पोस्टाचं नाव द्यायचं, ही या धंद्यातली जुनी रीत. ताबोर फ्लॅटला तेव्हा पोस्ट होतं. शाळाही होती. शाळा एकसष्ट साली बंद झाली, पोस्ट त्र्याहत्तर साली, आणि हमरस्त्यावरची गावाच्या नावाची पाटी मागच्याच वर्षी रस्तेवाल्यांनी काढून नेली ती परत लावली नाही. उरलं होतं ते एक चर्च, एक कोठार आणि अकरा घरं. पण लांबलांबच्या शहरांतल्या संग्रहालयांत, जिथे आमच्यापैकी कुणी पाऊलही टाकलेलं नाही, तिथल्या खणांत आमच्या दगडाची एकेक चकती आहे आणि प्रत्येक चकतीखाली लिहिलंय, ताबोर फ्लॅट. डेन्व्हरला नोकरीला गेलेल्या पोरी कुणी विचारलं तर सांगत, नकाशात नाही दिसणार, पण उल्कांच्या यादीत बघा. आता तेही जाणार होतं, आणि ते आर्डिसच्याच हाताने खोडलं जाणार होतं. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी ती नेहमीप्रमाणे मिलरॉयला गेली. मिलरॉयच्या कॅफेत दर गुरुवारी दहा वाजता तिची आणि व्हर्जिल स्ट्राउपची कॉफी ठरलेली. व्हर्जिल जुना वेल्डर, विधुर, आणि मिलरॉयच्या एका खोलीच्या संग्रहालयाचा एकटा कारभारी. 'मिलरॉय उल्केचं गाव' ही कमान त्याने स्वतः जोडून गावाच्या तोंडाशी उभी केलेली. वीस वर्षं दोघं एकमेकांच्या दगडाची टिंगल करत आली होती.

"आलं का पत्र तुलाही?" आर्डिसने बसता बसता विचारलं.

"आलं की. चला, शेवटी आमच्या घरी नांदायला येताय म्हणा. येताना सामान फार आणू नका, जागा लहान आहे."

"तुझ्या संग्रहालयात बसायला एक खुर्ची नाही, आणि आमंत्रणं देतोय."

"एक आहे."

"तिच्यावर तू बसतोस."

व्हर्जिलने रूबार्ब-पायचा, म्हणजे आंबटगोड सारण भरून भाजलेल्या जाड पोळीचा, तुकडा तिच्याकडे सरकवला. तिने तो परत सरकवला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आज थट्टा फार ताणायची नाही.

"हे बघ, मी एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "तेहेतीस लिही. १९३३. एका वर्षाने तुम्ही पुढे. त्या बाई म्हणतायत ना, पुस्तकात असेल ते मानू? मग कोण बघायला येतंय?"

"मी."

"तुला सोडून गं."

"मला सोडून कसं चालेल? लिहिणार मीच ना?"

"अडतीस वर्षांत एकदाही कुणाच्या गव्हात पसाभर इकडचं तिकडे केलं नाहीस?"

"मला आईने सांगितलंय, छत्तीसचा वसंत. बाबांच्या नांगराला लागला, आणि त्याच आठवड्यात एक प्राध्यापक शाळेत उल्कांवर बोलायला आले होते. आईने दगड तिथेच नेऊन दाखवला. मी बारा वर्षांची होते, माझ्यासमोर झालं ते."

"नांगराला लागला तेही तुझ्यासमोर?"

"ते नाही," आर्डिस म्हणाली. "पण आई कशाला खोटं सांगेल?"

व्हर्जिलने तो गोड तुकडा संपवला, आपलाही आणि तिचाही.

त्यानंतर तीन गुरुवार व्हर्जिल आलाच नाही. आर्डिसला वाटलं, हरलेल्याच्या तोंडावर हसायला नको म्हणून टाळतोय बिचारा. पण चौथ्या आठवड्यात सकाळीच त्याचा ट्रक तिच्या दारात उभा राहिला. तो उतरला, टोपी काढली, आणि ती हातात फिरवत दारातच थांबला.

"आत ये की. की उपचार म्हणून बोलवायला हवं?"

"आधी ऐक. हे तीन आठवडे ट्रकमध्ये घेऊन फिरतोय. द्यावं की न द्यावं ठरत नव्हतं." त्याने शर्टाच्या आतून एक काळी वही काढली. "माझ्या सासूची. ॲग्नेसची. तुमच्या चर्चच्या शिवणमंडळाची ती चिटणीस होती ना. माळ्यावरच्या पेटीत निघाली. तुझ्या पुस्तकासाठी काही मिळतंय का म्हणून उघडली, आणि फसलो."

वही जर्मनमध्ये होती, आमची जुनी माणसं तीच भाषा लिहीत. ॲग्नेस रॅट्झलाफ सरळ, बारीक अक्षरात फक्त कामापुरतं लिही. कोण आलं, किती गोधड्या शिवल्या, कुणी काय खायला आणलं. व्हर्जिलने खूण घातलेलं पान ३ डिसेंबर १९३१ चं होतं. हजर चौदा. गोधड्या दोन पुऱ्या झाल्या. आणि खाली: 'भगिनी त्रिना टीसेन यांचा आंबवलेला कोबी काळा. कोबीच खराब होता, म्हणतात. खाल्ला.'

आर्डिस खुर्चीत बसली.

आंबवलेला कोबी आमच्या लोकांत कसा करतात ते सांगायला नको. पण त्यातली एक गोष्ट इथे महत्त्वाची. चिरून मीठ चोळलेला कोबी चिनी मातीच्या मोठ्या बरणीत ठेचून भरायचा, वर लाकडी चकती, आणि चकतीवर जड दगड, म्हणजे कोबी मिठाच्या पाण्याखाली बुडून राहतो. दुसऱ्या मुलखात दगडाला काय तोटा, आमच्याकडे दगड कुठून आणायचा? कुणी वीट ठेवी, कुणी पाण्याने भरलेला डबा. आणि लांबून आलेल्या एखाद्या सुनेला, जिच्या नवऱ्याच्या नांगराला नुकताच चांगला जड, हाताला गुळगुळीत दगड लागलाय, तिला केवढा आनंद झाला असेल.

"मीठ," आर्डिस म्हणाली. "तळं कसलं, डोंबल. दगड बरणीत होता."

"तसंच वाटलं मलाही. लोखंडाचे कण असतात त्यात. आंबट पाण्यात पाच-सहा आठवडे लोखंड ठेवलंस तर कोबी पांढरा राहील का?"

तिला आता आठवत होतं. घरचा कोबी काळपट असायचा. लहानपणी तिला वाटे कोबी असाच असतो. बरणी तळघरात असे आणि तिला हात फक्त आई लावी. आई म्हणायची, धूळ. आणि त्या वर्षांत ते कुणालाही पटावं, कारण धुळीची वादळं इतकी यायची की भाकरी, दूध, अंथरुणं, सगळंच काळं असे. पण वादळं सुरू झाली बत्तीसच्या सुमाराला. एकतीसच्या डिसेंबरात धूळ नव्हती. त्या वर्षी गहू उदंड आला होता आणि आकाश स्वच्छ होतं. म्हणून तर आईने तेव्हा धुळीचं नाव घेतलं नाही, कोबीलाच नावं ठेवली.

मग छत्तीस साली ते प्राध्यापक आले आणि म्हणाले, घरातले जड गंजलेले दगड आणून दाखवा, त्यात लोखंड असतं. शाळेच्या बाकांवर शिवणमंडळाच्या चौदाही जणी बसल्या होत्या. आई दगड घेऊन गेली, आणि तिला कुणीतरी विचारलं असणार, कधी सापडला गं? खरं सांगावं, तर पाच वर्षांच्या काळ्या कोबीचं कारण त्या चौदाजणींना तिथल्या तिथे कळलं असतं. आई म्हणाली, याच वसंतात. त्या एका वाक्यावर ती मरेपर्यंत टिकून राहिली, आणि तिच्या मुलीने, जिने पाद्रीसाहेबांना गव्हावरून उतरवलं, ते वाक्य तसंच छापलं.

आर्डिस हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले, आणि मग ती पुन्हा हसली. व्हर्जिल टोपी फिरवत राहिला.

"तू हे मला दिलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं," ती म्हणाली.

"मला कळलंच होतं ना. आणि आमच्याकडे पोस्ट आहे, शाळा आहे, पेट्रोल पंप दोन आहेत. एखादं नाव गेलं तर आम्ही नाही मरत." मग म्हणाला, "कमान तेवढी मी हाताने जोडलीये, एवढंच."

पण आर्डिसचं समाधान झालं नव्हतं. वहीत कोबी होता, दगड नव्हता. मीठ कोणत्या साली शिरलं ते मीठ सांगत नाही. आईने कोबी खरंच खराब आणला असेल तर? १ डिसेंबरला पुस्तक छपाईला द्यायचं होतं. तिने दिवस मोजले, आणि बाजारात जाऊन बारा गड्डे घेतले.

बरण्या दोन केल्या. एकाच शेतातला कोबी, दोन्हीकडे सारखा तोलून. मीठ तोलून. एकीत चकतीवर भाच्याने कोलोरॅडोहून आणलेला साधा नदीतला दगड. दुसरीत डॉक्टरबाईंनी परत पाठवलेला मुठीएवढा तुकडा, आणि वजन पुरं करायला काचेची पाण्याने भरलेली बरणी. हे ऐकून डॉक्टरबाईंचा फोन आला.

"मिस टीसेन, तुम्ही उल्का मिठाच्या पाण्यात घालताय? अशा दगडाला आम्ही पाण्याचा थेंब लागू देत नाही."

"आमच्याकडे पाच वर्षं होती ती पाण्यात. तुकडाच घातलाय, दगड नाही घातला."

"आणि पुरावा म्हणून तुम्ही मला काय पाठवणार?"

"डबा भरून पाठवते. भाजी म्हणूनही चालेल."

मग बाई म्हणाल्या, माझी आजीही करायची, थोडं जिरं घालायची, तुम्ही घालता का?

साडेपाच आठवडे आर्डिसने बरण्यांची झाकणं उघडली नाहीत. तिची पंचाईत लक्षात घ्या. कोबी पांढरा निघाला तर आईची लाज राहणार होती आणि गावाचं नाव जाणार होतं. काळा निघाला तर उलट. आपल्या आईचा कोबी खराब निघू दे अशी प्रार्थना करणं तिला काही जमेना. शेवटी ती नुसतं म्हणत असे, जे असेल ते असू दे. काट्यावरही ती हेच म्हणायची.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, प्रार्थना झाल्यावर, चर्चच्या तळघरात दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या. हॅम होतं, झ्वीबाख नावाचे जोडपाव होते, आणि सगळं गाव होतं, म्हणजे एकतीस माणसं. मिलरॉयहून व्हर्जिल एकटाच आला होता, धुतलेला शर्ट घालून. मधल्या खुर्चीत लव्हीना उन्रू. वय अठ्ठ्याऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली, आणि वहीतल्या त्या चौदाजणींपैकी एकटी उरलेली.

पहिली बरणी उघडली. कोबी पांढराशुभ्र, वास झकास. दुसरीची चकती आर्डिसने उचलली. कोबी काळा होता. नुसता मळकट नव्हे, ओल्या बुटासारखा काळा. मागून हर्मन गोर्ट्झ म्हणाला, "माझ्या लोहाराच्या मळाला नावं ठेवता, आणि हे बघा." सगळे हसले आणि आर्डिसच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं.

तिने काळ्यातला एक चमचा व्हर्जिलला दिला. त्याने तो तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"कसा आहे?"

"दाराची कडी चाटल्यासारखा," व्हर्जिल म्हणाला, आणि पाणी प्यायला.

मग लव्हीनाबाईंनी हात पुढे केला. त्यांना रंग दिसत नव्हता, आणि कुठल्या बरणीतला ते कुणी सांगितलं नाही. आर्डिसने आधी पांढऱ्यातला चमचा दिला. "चांगलाय," म्हातारी म्हणाली. मग काळ्यातला दिला. म्हातारी चावता चावता थांबली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "त्रिनाचा."

"नक्की?"

"पाच वर्षं खाल्ला मी. विसरेन होय?"

आर्डिस तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. "मावशी, मी पहिल्या पुस्तकाच्या वेळी तुमच्याकडे तीनदा आले होते. तेव्हा का नाही बोललात?"

"तू दगडाचं विचारत होतीस. कोबीचं कुठे विचारलंस?"

"पण पाच वर्षं तुम्ही सगळ्याजणी... कुणी आईला सांगितलं नाही, की बाई, हा कोबी वाईट झालाय?"

"काय सांगायचं? लांबून आलेली सून, गावात तिचं कुणी नाही, मान खाली घालून वाढायची. तिचं तोंड बघून कोण सांगेल? मग एकदा नाही सांगितलं, दुसऱ्यांदा कसं सांगणार, की पहिल्यांदाही वाईटच होता?" म्हातारीने चमचा परत पुढे केला. "दे अजून थोडा."

आर्डिसने स्वतःसाठी बशी भरून घेतली. बाकीच्यांनी चमचाभर चाखून तोंडं वाकडी केली होती. ती कोपऱ्यात बसून हळूहळू सगळी बशी खात राहिली. तिला तो आवडत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचा कोबी खाताना त्यात काहीतरी कमी आहे असं तिला वाटत आलं होतं, आणि ते काय ते आज कळलं. आई जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, आणि ती पुन्हा ताटात आल्यासारखी वाटली.

जाताना व्हर्जिलने तिला गाठलं. "नाव तुमचं. पण माझी एक अट आहे. माझ्या सासूचं वाक्य जसंच्या तसं छापायचं. काळा आणि खाल्ला, दोन्ही."

"व्हर्जिल, अरे, आईने त्यासाठी आयुष्यभर खोटं..."

"म्हणूनच. पुराव्याशिवाय साल बदललंस तर लोक म्हणतील, आर्डिसने गावासाठी काट्यावर बोट ठेवलं."

तो खरं बोलत होता आणि ते तिला माहीत होतं. त्या रविवारी दुपारीच ती टाइपरायटरपुढे बसली. सव्वातीनशे शब्दांची नोंद होती. नाव ताबोर फ्लॅट. सापडला १९३१, जेकब टीसेन यांच्या नांगराला. मिलरॉयचा तुकडा, १९३४, हा त्याचाच मोठा भाऊ. मग मीठ, मग दोन बरण्या, मग लव्हीना उन्रू यांची साक्ष. ॲग्नेसचं वाक्य लिहायच्या आधी ती उठून दोनदा चहा करून आली. मग लिहिलं, जसंच्या तसं, आणि खाली आपली सही केली. पहिल्या आवृत्तीतली चूक माझी, असंही एक वाक्य टाकलं. आईचं नाव तिथे घातलं नाही.

मार्चमध्ये सुधारित आवृत्ती आली. या वेळी कव्हर निळं. तोवर व्हर्जिलने कमानीवरची अक्षरं कापून नवी जोडली होती, 'ताबोर फ्लॅट उल्केचा मोठा तुकडा मिलरॉयमध्ये', त्यातलं 'मोठा' बाकीच्यापेक्षा दुप्पट. असं आमच्या गावाचं नाव हमरस्त्यावर परत आलं, तेही नऊ मैल अलीकडे.

पहिली प्रत आर्डिसने लव्हीनाबाईंना नेऊन दिली. म्हातारीने पुस्तक हाताने चाचपलं, वास घेतला, आणि म्हणाली, वाच. आर्डिसने ताबोर फ्लॅटची नोंद सुरुवातीपासून वाचली. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. "'भगिनी त्रिना टीसेन यांचा आंबवलेला कोबी काळा,'" आर्डिसने वाचलं. "'कोबीच खराब होता, म्हणतात. खाल्ला.'"

"चूक आहे," लव्हीनाबाई म्हणाल्या.

आर्डिसने पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. "काय चूक आहे, मावशी?"

"नुसतं खाल्ला नाही. ॲग्नेस नेहमी अर्धवट लिहायची. सगळा खाल्ला. पातेलं मी स्वतः पुसून घेतलं होतं पावाने, त्रिना बघत होती म्हणून."

आर्डिसने त्या म्हाताऱ्या हातावर हात ठेवला, आणि घरी आल्यावर पलंगाखालचा रिकामा खोका ओढला आणि त्यात पहिली चिठ्ठी टाकली. 'पान सतरा. "खाल्ला" च्या आधी "सगळा" हवा.'